बिल्ल्यातली आई

सोमवारी शाळेत वाचनाची चाचणी होती आणि केतकीच्या पहिलीतल्या लेकीचा, शर्वीचा, वेग रोज घसरत होता. मिनिटाला पंचेचाळीस शब्द हवे होते. फ्रॉकवरचा वाचनबिल्ला आज एकतीस दाखवत होता. मूल अडलं की बिल्ला तो शब्द आईच्या आवाजात सांगायचा. त्यासाठी केतकीने जूनमध्ये तासभर बोलून त्याला आपला आवाज दिला होता.

"डोंगराच्या... डोंगराच्या..." शर्वी थांबली.

"पायथ्याशी. सावकाश गं, राणी," बिल्ला म्हणाला.

केतकीने बिल्ल्यावरचा आकडा पुन्हा पाहिला. हिला दुसरीत घेतलंच नाही तर? "कालच वाचलास ना हा शब्द!" असं ओरडून ती पोहे करायला उठली.

मागोमाग आलेल्या शर्वीने ओट्यावरचं पोह्यांचं पाकीट उचललं आणि घडाघडा वाचलं, "कोरड्या व थंड जागी ठेवावे. आई, तू तर उन्हात ठेवलंयस!"

केतकीने गॅस बंद केला. "शर्वे, तुला तर येतंय सगळं! मग पुस्तकात का अडतेस?"

"अडलं की ती आई बोलते ना."

"अगं, तो माझाच आवाज आहे."

"हो, पण ती ओरडत नाही."

केतकीने बिल्ला काढून कपाटात ठेवला आणि पुस्तक घेऊन ती लेकीला खेटून बसली. चौथ्याच शब्दाला शर्वी थांबली आणि आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"वाच तू. मला काही घाई नाही," केतकी जपून म्हणाली.

शर्वीने कान देऊन ऐकलं.

"परत म्हण," ती म्हणाली.