पाद्रीची निवड

पाद्रीच्या जागेसाठी आलेल्या माणसाला कोच रॉयस पिकेटनं पहिलाच प्रश्न विचारला तो असा, की मुलाची उंची किती.

"सहा फूट तीन इंच," रेव्हरंड अँबर्न म्हणाले, "आणि अजून वाढतोय." सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचला.

सकाळी त्यांचं चाचणीचं प्रवचन झालं होतं. ते बहुतेक त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला सांगितलं. बायबलात माशाच्या पोटात जायचा तो योना त्यांच्या तोंडून सरळ नोहाच्या तारवात जाऊन बसला आणि शेवटपर्यंत खाली उतरला नाही. लोक जांभया गिळत होते. कोच तेवढा ताजातवाना होता, कारण त्यानं सगळा वेळ मान मागं वळवून काढला होता. मागच्या बाकावर रेव्हरंडांचा मुलगा केड बसला होता, आणि त्याचे पंजे ताटाएवढे होते.

हार्लन स्प्रिंग्जच्या शाळेची फुटबॉल टीम गेल्या मोसमात एकही सामना जिंकली नव्हती. हातानं चेंडू फेकणारा आणि अख्खी टीम चालवणारा जो क्वार्टरबॅक, त्याच्या बापाला लांबच्या तेलविहिरीवर काम लागलं आणि पोरगाही बापामागं गेला. नियम असा, की आईबाप राहतात त्याच गावाकडून मुलानं खेळायचं. म्हणजे नवा पोरगा हवा तर आधी बापाला नोकरी द्यायला हवी. टेक्सासच्या त्या कोपऱ्यात कापूस आणि धुळीखेरीज काही पिकत नाही, तिथं रिकामी नोकरी एकच होती. बॅप्टिस्ट चर्चच्या पाद्रीची.

पाद्री निवडायच्या समितीत आपण आहोत हा देवाचाच संकेत आहे, असं कोचनं घरी बोलून दाखवलं होतं. बायको म्हणाली, यात देवाला ओढू नकोस. पण हसली नाही. या वर्षीही हरलात तर गाशा गुंडाळा, असं शाळेच्या मंडळानं स्पष्ट सांगितलं होतं, आणि पुढं लबक शहरात बायकोच्या भावाचं टायरचं दुकान वाट बघत होतं.

समितीतले दुसरे दोघे म्हणजे जिनिंग मिलचा लीलंड गॉस आणि वेल्डाबाई टर्नबो. वेल्डाबाईंनी ऐंशी कधीच ओलांडली होती. दर शुक्रवारी त्या घोंगडी घेऊन सामन्याला बसायच्या आणि दर रविवारी पहिल्या बाकावर. जेवणं उरकून तिघं आता रेव्हरंडांना घेऊन चर्चच्या हॉलमध्ये बसले होते.

लीलंडनं विचारलं, पोरगा जरा चेंडू फेकून दाखवील का. रेव्हरंड स्वतःच सांगायला बाहेर धावले. पोरानं चर्चच्या पायरीवरून हात उचलला. चेंडू चर्चच्या गाडीवरून गेला, पेकान झाडावरून गेला आणि रस्त्यापलीकडं उभ्या असलेल्या लीलंडच्या पिकअपमध्ये मागच्या बाजूला अलगद पडला. लीलंडनं हातातली केकची बशी खाली ठेवली आणि म्हणाला, त्याला तर या माणसात ईश्वरी पाचारण स्पष्ट दिसतंय.

"माझा हात वर," कोच म्हणाला.

"माझा नाही," वेल्डाबाई म्हणाल्या.

ठराव एकमतानंच व्हायचा, हा चर्चचा जुना रिवाज. दोघांनी त्यांची मनधरणी सुरू केली. लीलंड म्हणाला, माणूस लाजरा आहे, हळूहळू खुलेल. बाई म्हणाल्या, तो खुलायची वाट बघत बसण्याचं आपलं वय नाही.

"मला पुरायचं कोणी?" त्यांनी विचारलं. "हा? हा मला दुसऱ्याच कुणाच्या नावानं पुरेल. आणि मी पडल्यापडल्या दुरुस्तही करू शकणार नाही. गेल्या रविवारी तो व्हिटलो चाचणीला आला होता, काय बोलला तो! लीलंड, तू रडलास."

"मला सर्दी होती."

"तू ढसाढसा रडलास. आणि तुम्ही दोघांनी त्याला केक खायला घातला आणि वाटेला लावलं. का, तर त्याला तीनही मुलीच."

कोचनं एक भाषण तयार करून आणलं होतं. त्यात तरुण पिढी होती, शिस्त होती, गावाची एकी होती. पण या बाईंनी लहानपणी त्याला रविवारच्या शाळेत दहा आज्ञा शिकवल्या होत्या. त्यांच्यासमोर ते भाषण त्याच्या तोंडातून निघेना. त्याला मनापासून लाज वाटली.

"मला टायर विकता येणार नाहीत, मिस वेल्डा," तो म्हणाला. "मला दुसरं काहीच येत नाही. हेही नीट येत नाही, ते गेल्या वर्षी तुम्ही बघितलंत. पण हे गाव सोडायचं माझ्या जिवावर येतं."

वेल्डाबाई उठल्या. काठी टेकत खिडकीशी गेल्या. बाहेर पोरगा फेकत होता आणि रेव्हरंड धावत जाऊन चेंडू आणून देत होते. त्यांचा कोट काढलेला होता, चेहरा लालबुंद झाला होता, आणि ते मोठमोठ्यानं, अगदी खणखणीत आवाजात पोराला शाबासकी देत होते. बाईंनी न वळताच विचारलं.

"कितवीत आहे तो?"

"बारावीत," कोच म्हणाला. "मे महिन्यात शाळा सुटेल त्याची."

"म्हणजे एकच मोसम."

"एकच."

बाई परत येऊन खुर्चीत बसल्या. काठी टेबलाला टेकवली आणि उजवा हात वर केला.

"मे महिन्यापर्यंत मी काही मरत नाही," त्या म्हणाल्या. "पण तोपर्यंत त्या व्हिटलोला दुसरीकडं कुठं चिकटू देऊ नका."