अवंतीचा जॉकी

"हे ऐकून तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," माइक तोंडाशी ओढत भय्यासाहेबांनी सुरुवात केली, "आणि ज्याचा बसेल त्याने उद्या सकाळी घरी यावं. मला माझी जुनी स्कूटर विकायची आहे."

हॉल हसला. माधव नगरातल्या मराठी मंडळाचा वार्षिक सत्कार होता. दरवर्षी कुणी डॉक्टर, कुणी प्राचार्य, कुणी बँकेतले मोठे साहेब असायचे. यंदा पहिल्यांदाच एका जॉकीचा नंबर लागला होता. विनायक शितोळे. लहानखुरा, ताठ कण्याचा म्हातारा. मांडीवर शाल-श्रीफळ घेऊन तो स्टेजवरच्या खुर्चीत बसला होता आणि नजर समोरच्या पंख्यावर लावून ठेवली होती. बोलायला लावणार नसाल तरच येतो, अशी अट घालून आला होता.

त्याची ओळख करून द्यायचं काम भय्यासाहेबांनी भांडून मागून घेतलं होतं. सेक्रेटरी श्रीकांतने वर तंबीही दिली होती, की थापा नकोत, मंडळाची इज्जत आहे. भय्यासाहेबांनी मान डोलवली होती. मान डोलवायला त्यांचं काय जात होतं.

ओळख करून द्यायला ते आलेच नव्हते. ज्या अवंती नावाच्या घोडीवर विनायकने पुण्याची मोठी रेस मारली, ती पुढच्याच मोसमात पाय मोडून पडली आणि तिला इंजेक्शन देऊन कायमचं निजवावं लागलं. विनायक रेसकोर्स सोडून उज्जैनला परतला तो तोंडाला कुलूप लावूनच. घरात घोड्याचं चित्र असलेलं कॅलेंडरसुद्धा चालत नसे. माणूस आतल्या आत वाळत चालला होता. "भाऊजी, एकदा फक्त तिचं नाव यांच्या तोंडून निघू दे," विनायकची बायको सुलभा म्हणाली होती. "मग रडू देत, मला शिव्या घालू देत, काहीही करू देत." भय्यासाहेबांनी शब्द दिला होता. त्यांच्या शब्दावर उज्जैनात कुणी चहासुद्धा उधार देत नसे. वहिनींनी मात्र तो पदराला बांधून नेला होता.

पहिली थाप त्यांनी विनायकवरच सोडली. हा गडी इतका हलका, की रामघाटावर वारा सुटला की वहिनी याच्या खिशात वरवंटा टाकायच्या. लोक खदखदले. विनायक पंख्याकडेच बघत राहिला.

मग भय्यासाहेबांनी घोडी आणली. अवंती म्हणे ट्रकमधून जाताना देवास गेटला अडून बसली, आणि पोहे-जलेबी पोटात गेल्याशिवाय हलेना. बरं, पोह्यांवर सेव कमी पडली म्हणून हलवायाकडे पाठ फिरवून उभी. रेसच्या दिवशीही तेच. फाटक उघडलं, बाकीचे घोडे अर्धं मैदान कापून गेले, आणि ही आपली शेपटीने माश्या वारतेय. एवढ्यात गर्दीतून कुणी 'जय महाकाल' म्हणालं आणि बाई जी सुटली, ती सगळ्यांना मागे टाकून, कठडा ओलांडून थेट शहरात. चौकात सिग्नल लाल होता, म्हणून थांबली.

"भय्या, घोडी होती का रेल्वे?" पहिल्या रांगेतून तात्यांनी विचारलं.

"रेल्वेला उशीर होतो, तात्या."

हॉल लोटपोट झाला. विनायकच्या चेहऱ्यावरची एक सुरकुतीही हलली नाही. श्रीकांत वाकून आला आणि कानाशी कुजबुजला, की आता आवरा, तो बिचारा किती अवघडलाय बघा. भय्यासाहेबांनी माइकवर पंजा ठेवला. "बैठ जा रे भाऊ," ते म्हणाले. "उठायचं त्याला आहे, तुला नाही."

एक थाप उरली होती. ती रेस त्यांनी पुण्याला जाऊन, कठड्याला पोट लावून पाहिली होती. कुठली थाप कुठे लागेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ती मारावी न लागली तर बरं, असं इतका वेळ वाटत होतं. त्यांनी समोर बसलेल्या सुलभावहिनींकडे पाहिलं. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"शेवटच्या वळणावर," भय्यासाहेबांनी आवाज खाली आणला, "अवंती दमली. तोंडाला फेस आला. तेव्हा आमच्या या विनायकने चाबूक काढला. असा फोडला तिला, असा फोडला, की पाठीवर वळ उठले. मारून मारून जिंकवली हो घोडी."

कुणी हसलं नाही. मागे दोघातिघांनी टाळ्या सुरू केल्या आणि हात तसेच धरून ठेवले.

नारळ स्टेजवरून गडगडत खाली गेला. विनायक उभा होता. शाल पायात पडली होती आणि तो तिच्यावरूनच चालत येत होता.

"झूठ," तो म्हणाला. "सरासर झूठ."

भय्यासाहेबांनी माइक स्टँडसकट त्याच्याकडे वळवला, त्याच्या उंचीला खाली केला आणि स्वतः बाजूला सरकले. "जोरात बोल," ते म्हणाले. "मागे ऐकू गेलं नाही."

"अवंतीला मी जन्मात चाबूक लावला नाही, हरामखोरा," विनायक माइकमध्ये म्हणाला. "त्या वळणावर मी तिला नुसतं 'चल बेटा' म्हटलं होतं."