जिबेकचं पहिलं पत्र

“एजे, मी चुकले तर हे यंत्र ओरडेल का हो?”

“ओरडायला ते काय मी आहे?” असं म्हणून सोनुन एजे, म्हणजे शाळेतल्या बाई, हसल्या. सकाळपासून त्या अशाच हसत होत्या. गाल दुखायला लागले होते.

जिबेक त्यांची विद्यार्थिनी, दहा वर्षांची. डोकं लख्ख, तोंडी हिशेबात वर्गात पहिली. पण पेन धरलं की बोटं आखडायची, अक्षरं एकमेकांवर चढायची. एका ओळीला अर्धा तास. “एजे, हिच्या वहीवर मेंढ्या बसल्या होत्या का?” असं वर्गातला आदिलेत रोज विचारायचा. बोललेलं लिहून देणारं, लिहिलेलं वाचून दाखवणारं हे यंत्र मिळावं म्हणून एजेंनी दोन वर्षं नारिन शहरातल्या सरकारी कचेरीत खेटे घातले होते. काल ते हाती आलं. त्यांची किरगीझ भाषा समजणारं.

आणि परवा जिबेकची आई गेली. मॉस्कोत, कामावरून परतताना, गाडीखाली.

अशी बातमी गावात कुणीही उठून सांगत नाही. वडीलधारे जमतात, धीराचे दोन शब्द बोलतात, मगच सांगतात. जिबेकच्या आजोबांनी सगळ्यांना बजावलं होतं, “आम्ही सांगेपर्यंत पोरीच्या कानावर काही जाता कामा नये.” सगळा गाव जीभ आवरून होता. आदिलेतनेही आज चिडवलं नाही. शेगडीजवळची आपली जागा त्याने तिला गुपचूप देऊन टाकली. तिच्या अंगणात आता रिवाजाप्रमाणे मयताच्या विधीचा तंबू उभा राहत होता. तो तिला दिसू नये म्हणून शाळा सुटली तरी एजेंनी तिला थांबवून घेतलं होतं.

“पहिलं काय लिहू?”

“तुला हवं ते.”

“मग आईला पत्र. ती म्हणाली होती, एक अख्खं पान लिहून दाखव, मी लगेच येते.”

एजेंनी मनातल्या मनात अल्लाला हाक मारली.

“लिही की,” त्या म्हणाल्या.

“पण तुम्ही ऐकायचं नाही हं! बाहेर थांबा.”

एजे व्हरांड्यात उभ्या राहिल्या. दाराआडून बारीक आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधे तो थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. तेवढ्यात फाटकाशी म्हातारी माणसं दिसली. आजोबा आणि दोघे वडीलधारे. न्यायला आले होते. एजेंनी डोळे बाहीने पुसले, पुन्हा हसू आणलं आणि आत गेल्या.

“पान भरलं, एजे!”

“शाब्बास गं माझी राणी. जा, बूट घाल. आजोबा आलेत.”

जिबेक निमूट बाहेर गेली. एजेंना राहवलं नाही. त्यांनी वाचायचं बटण दाबलं. यंत्र आपल्या कोरड्या आवाजात वाचू लागलं:

“आई, हे सगळं मी लिहिलंय. हात दुखला नाही. आज सकाळी आजोबांनी माझी वेणी घातली. त्यांना येत नाही, तरी घातली. मागे उभं राहून ते तुझं नाव घेत हळूच रडत होते. तेव्हा मला कळलं, तू आता येणार नाहीस. एजेंना मात्र अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्या आज फार खुशीत आहेत, सारख्या हसतायत. म्हणून मीही त्यांना सांगितलं नाही.”