तपासणीची फेरी

तिसऱ्यांदाही नकाशा चुकला तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला. पिठ्या ढेकूण ही कीड उद्या कुठल्या बागेत शिरणार हे कॉम्प्युटरने आधी सांगायचं, म्हणजे तिथली झाडं वाचवता येतील. पण हा मेला निघत होता भलतीकडेच! वारा पूर्वेला, तर कीड पश्चिमेला. तिने वारा बदलून पाहिला, ऊन बदललं, पाखरंसुद्धा घालून पाहिली. छे!

"माणसं घालून बघ की," शेजारच्या टेबलावरचा सहकारी जांभई देत म्हणाला. "त्याची पिल्लं कपड्यांना चिकटून जातात. डोळ्यांना दिसतही नाहीत."

माणसं आणायची कुठून? मजूर, व्यापारी, सगळ्यांनाच बागा बंद होत्या. आत जायची मुभा एकट्या तपासनीसाला, आणि तपासनीस म्हणजे तिचे बाबा. तिला हसूच आलं. तरी तिने त्यांच्या फेऱ्यांच्या तारखा भरल्या आणि बटण दाबलं.

लाल ठिपके उमटत गेले. एकही चुकला नाही. बाबा ज्या बागेत गेले, तिथे आठवड्याभरात कीड.

आज ते टेकडीवरच्या बागेत गेले होते. तेवढी एकच बाग निरोगी उरली होती. सगळ्यांना नवी रोपं द्यायची ती तिथूनच. ती गेली की संपलंच सगळं.

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. कामात असताना बाबा फोन जवळ ठेवत नसत, शिस्तीचे पक्के. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. "घ्या ना हो बाबा, घ्या ना," ती रडकुंडीला आली. सहकारी उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. त्याची जांभई कुठल्या कुठे पळाली होती.

अकराव्यांदा फोन उचलला गेला.

"बाबा, आहात तिथेच थांबा! गाडीतून उतरू नका!"

"अगं हो हो, केवढ्याने ओरडतेस! उतरू नका काय, काम उरकून परत गाडीत बसलोय मी." त्यांना धाप लागली होती, पण स्वारी खुशीत होती. "आनंदाची बातमी ऐक. कीड नावालासुद्धा नाही. आणि या वेळी मुळीच हयगय केली नाही बरं का, फांद्या बाजूला सारून थेट आत शिरलो."

तिची नजर पडद्यावरच्या लाल ठिपक्यांकडे गेली.

"ऐकतेयस ना, पोरी? एक झाड सोडलं नाही. पानन् पान या हातांनी उलटून पाहिलं."