शेजारची सीट

"दोन कंपन्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं, दिगंबरराव," विमा एजंट खांबेटे चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "दारू पिऊन गाडी चालवल्याची केस म्हटलं की हात वर करतात. ही तिसरी तयार आहे, पण हप्ता जास्त घेईल."

"घेऊ दे," दिगंबर म्हणाला. कोर्टाचा दंड भरून झाला होता, लायसन्सही परवाच परत मिळालं होतं. पण सहा महिने ज्याला त्याला 'हो', 'चालेल', 'चुकलं' म्हणून म्हणून त्याची जीभ थकली होती.

खांबेट्यांनी मोबाईल पुढे ओढला. "गाडीत बसणाऱ्यांचा अपघात विमा नेहमीसारखाच ना? सगळ्यांचा?"

"नको," सोफ्यावर मटार सोलत बसलेली बायको मान वर न करता म्हणाली. "ह्यांचा एकट्याचाच काढा. मी आणि मुली रिक्षानं जातो." आवाजात राग नव्हता. राग केव्हाच संपला होता.

खांबेट्यांचं बोट मोबाईलवर तसंच थांबलं. दिगंबर टीपॉयवरच्या गाडीच्या किल्लीकडे बघत राहिला.

"एक माझा काढा हो," खिडकीशी जप करत बसलेली आई म्हणाली. "मी बसेन दिगूच्या शेजारी."

दिगंबरला एकदम भरून आलं. उठून तो आईच्या पायाशी जाऊन बसला. खूप दिवसांनी घरातलं कोणीतरी त्याच्या बाजूनं बोललं होतं.

आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"माझं काय रे," ती म्हणाली, "माझं सगळं बघून झालंय आता."