उजव्या डोळ्यातली लेन्स

पाणी पिऊन मऊ होणारं ते नवं जेल लेकीने प्रयोगशाळेत कितीतरी वर्षं खपून बनवलं होतं. त्याच्या लेन्सची चाचणी सुरू झाली, तेव्हा सगळ्यांच्या आधी डोळे पुढे केले ते आईने. एका डोळ्यात नवी लेन्स, दुसऱ्यात नेहमीची, आणि कुठली कुठे आहे ते वापरणाऱ्याला अजिबात सांगायचं नाही, असा नियम. लेक रोज सकाळी स्वतःच्या हाताने आईला लेन्स घालून द्यायची, पण त्याबद्दल अवाक्षर काढायची नाही.

संध्याकाळी आईचं उत्तर ठरलेलं. "उजवी झकास आहे गं. डोळ्यात काही आहे असं वाटतच नाही."

नवी उजव्यातच होती! लेकीचे पाय जमिनीवर ठरेनात. उद्या कारखान्यासाठी साचे बनवायला द्यायचे होते.

आज ती दुपारीच घरी आली आणि दारातच थबकली. आई खिडकीपाशी पेपर वाचत बसली होती, उजवा डोळा घट्ट मिटून.

"आई, उजवी टोचते ना?"

आई दचकली. "दुपारनंतर कोरडी पडते जराशी. वाळू गेल्यासारखं होतं."

"मग रोज खोटं का सांगितलंस? आणि नवी उजव्यात आहे हे तुला कळलं तरी कसं?"

आईने पेपरची सावकाश घडी घातली.

"डावी घालताना तुझी बडबड चालू असते गं. उजवी घालताना तू श्वास रोखून धरतेस."