खोट्या नावाची बाई

धाकट्या जावेने आपण शिवलेल्या ड्रेसचा फोटो, खाली दोन ओळी लिहून, सोशल मीडियावर टाकला आणि थोरलीच्या पोटात दुखू लागलं. तिने खोट्या नावाचं खातं उघडून लिहिलं, "हा ड्रेस आहे की उशीचा अभ्रा?" त्यावरून लोकांची अशी जुंपली, की भांडण वाढेल तसा तो फोटो आणखी हजारो लोकांपुढे जात राहिला. आठवड्याभरात धाकटीकडे इतकी कामं आली, की तिला मान वर करायला फुरसत मिळेना.

"जाऊबाई, शिवणाचं दुकान बंदच करणार होते हो मी," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "ती बाई कोण कुठली, पण देवासारखी धावून आली बघा!"



थोरलीला आता त्या खोट्या नावाचाही हेवा वाटू लागला.